सात नंबर

"कुंदा, सात नंबर काढ," दादा म्हणाले.

मी माझ्याच सोनोग्राफीच्या टेबलावर उताणी पडले होते. पोटावर चार ठिकाणी पट्ट्या, त्यांच्या मधेमधे जेली माखलेली, डाव्या हाताला सलाइन आणि उजव्या हातात पोटावर फिरवायचा प्रोब. मशीन फिरवून स्क्रीन माझ्या तोंडासमोर आणलेला. स्वतःच्या पोटाची सोनोग्राफी स्वतःच करणारी बाई तुम्ही कधी पाहिली नसेल. त्याआधी मीही पाहिली नव्हती.

"थांबा दादा, माझं अजून बघून झालेलं नाही."

"त्यात बघायचं काय? पित्ताशय काढलंय, आज तिसरा दिवस आहे, जागेवर थोडं पाणी आहे. असणारच. हे मी तुला सांगायचं का, मंजू?"

दादा म्हणजे माझे थोरले दीर. पोटाचे सर्जन. गेली पंचवीस वर्षं आमच्या तालुक्यातली निम्मी पोटं त्यांनीच उघडली आणि शिवली. माझा नवरा शिरीष त्यांचा धाकटा भाऊ, तो भूल देतो. आणि तळमजल्यावरच्या या खोलीत मी, सोनोग्राफी करणारी. पाटीवर सासूबाईंचं नाव आणि त्याखाली आम्हा तिघांची. पेशंट आमच्या दारातून आत आला की तपासणी, भूल, कापाकापी, टाके, सगळं एका घरात. गावातले लोक याचं फार कौतुक करायचे. मीही करत होते.

मला पित्ताशयात खडे झाले तेव्हा बाहेर जायचा विषयच निघाला नाही. घरचं हॉस्पिटल असताना बाहेर कोण जातं? मंगळवारी दादांनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, शिरीषनं भूल दिली. बुधवारी मी बसून पेज प्यायले. गुरुवारी सकाळी उजवा खांदा दुखायला लागला. मग पोट फुगलं. दुपारी नाडी एकशे बारा झाली आणि अंगात कणकण आली. दादा म्हणाले, ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतो ना, त्यानं दुखतो खांदा. तसा दुखतोही, हे खरं. पण माझं मन ऐकेना. मी सोनोग्राफीचा हट्ट धरला.

तिथेच पंचाईत झाली. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे चोरून बघण्याचे धंदे बंद व्हावेत म्हणून सरकारनं सोनोग्राफीचे नियम फार कडक केलेत. ज्या डॉक्टरचं नाव त्या मशीनवर नोंदवलंय त्यानंच ते चालवायचं. आमच्याकडे नोंदवलेलं नाव एकच होतं, माझं. "मग तूच बघ की," दादा हसत म्हणाले होते. "पेशंटही तूच, डॉक्टरही तूच. फी तेवढी कुणाकडून घेशील?" सगळे हसले. मीही हसले आणि टाक्यांतून कळ आली.

"कुंदा, फ्रीझ दाब," मी म्हटलं.

कुंदा माझी टायपिस्ट. नाव टायपिस्ट, पण पेशंटचे नंबर लावण्यापासून जेली पुसायला कापूस देण्यापर्यंत सगळं तीच बघायची. तिनं बटण दाबलं. चित्र थांबलं.

पाणी स्क्रीनवर काळं दिसतं. रक्त असो, पू असो, पित्त असो, नाहीतर कापलेल्या जागेवर पाझरलेलं साधं पाणी असो, सगळं जवळपास काळंच. ते कशाचं आहे हे मशीन सांगत नाही. ते मशीनपाशी बसलेल्या माणसानं सांगायचं असतं. किती आहे, कुठे कुठे पसरलंय, आणि टेबलावरचा माणूस कसा दिसतोय, हे तिन्ही एकत्र वाचून. माझ्या यकृताखाली काळा तुकडा होता. मोजला. सहा सेंटिमीटर. तेवढ्यावर भागलं असतं तर मीही दादांना हो म्हटलं असतं. पण मी प्रोब खाली सरकवला, दात आवळून, आणि पाहिलं तर उजव्या कुशीत काळं, आतड्यांच्या वेटोळ्यांमधे काळं, खाली ओटीपोटात काळं.

"दादा, हे बघा. हे ऑपरेशनच्या जागेवरचं पाणी नाही. हे सगळीकडे आहे."

दादा वाकले. बघितलं. त्यांना सोनोग्राफी मला येते तेवढी येत नाही, पण बऱ्यापैकी येते. क्षणभर त्यांच्या कपाळावर आठी आली, ती मी पाहिली. मग ती गेली.

"मी शेवटी पोट धुतलं होतं. ते धुतलेलं पाणी राहिलं असेल."

"तिसऱ्या दिवसापर्यंत?"

"राहतं कधीकधी."

"पित्त गळतंय का, एवढं तरी बघू या. सुई घालून दोन थेंब काढा. हिरवं आलं तर—"

"मंजू," दादांचा आवाज मऊ झाला. तो मऊ झाला की समजायचं, आता विषय संपला. "मी चार हजार पित्ताशयं काढलीत. पित्ताच्या नळीवरची क्लिप मी माझ्या हातानं लावली. घट्ट बसली होती. डॉक्टर आजारी पडला की हे असंच होतं, साध्या पाण्यातही त्याला पित्त दिसायला लागतं. सुई घालून आणखी एक भोक कशाला पाडायचं? उद्या सकाळी बघू."

"सोलापूरला जाऊ या आपण. तिथे दुर्बिणीतून पित्तनलिकेत नळी टाकणारे आहेत. सत्तर किलोमीटर तर आहे."

आता त्यांनी शिरीषकडे पाहिलं. शिरीष भिंतीला टेकून उभा होता, हातातला मास्क चुरगाळत.

"घरच्या बाईला दुसरीकडे हलवलं, म्हणजे गावानं काय समजायचं?" दादा म्हणाले. "वर हर्नियाचा पेशंट टेबलावर आहे. शिरीष, चल. कुंदा, सात नंबर काढ आणि मॅडमची सही घे. फाइलला लाव."

शिरीष माझ्याजवळ आला. कपाळावर हात ठेवला. "उद्या सकाळपर्यंत बघू ना, मंजू. दादा आहेत ना." आणि गेला. त्याचा राग येण्याएवढीही ताकद माझ्यात नव्हती. या घरात दादांपुढे त्यानं कधी तोंड उघडलेलं मला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर मी तरी कुठे उघडलं होतं?

आता सात नंबर म्हणजे काय, ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

दिवसाला चाळीस-चाळीस पेशंट असायचे. प्रत्येकाचा रिपोर्ट नव्यानं कोण सांगणार? म्हणून ठरावीक मजकूर कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवले होते, त्यांना नंबर दिले होते. एक नंबर म्हणजे सगळं ठीक. दोन नंबर म्हणजे मूतखडा. असं करत नऊपर्यंत. मी प्रोब फिरवता फिरवता "दोन नंबर, डावीकडे, आठ मिलिमीटर" असं म्हणायची, पलीकडे कुंदा छापायची. पेशंटला काही कळत नसे आणि तेही बरंच वाटायचं.

सात नंबर तयार झाला, त्याला कारण होतं. एकदा दादांच्या एका पेशंटच्या रिपोर्टात मी लिहिलं, पाणी जास्त वाटतंय, गळतीची शक्यता तपासावी. नातेवाइकांनी त्याला घाबरून शहरात नेलं, तिथे काहीच निघालं नाही, परत येऊन त्यांनी काउंटरवर तमाशा केला. त्या दिवशी जेवताना दादा एवढंच म्हणाले, "ऑपरेशननंतर पोटात थोडं पाणी असतंच, मंजू. तुझ्या एका ओळीनं माझ्या पेशंटची झोप उडते." आवाज मऊ होता. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसून तीन ओळी लिहिल्या. इंग्रजीत होत्या, अर्थ असा: शस्त्रक्रियेच्या जागी अपेक्षित तेवढे अल्प पाणी. इतर विशेष काही नाही. लक्षणांशी पडताळून पाहावे. ही शेवटची ओळ म्हणजे आमची छत्री. पुढे काही झालं तर आम्ही पडताळून पाहा म्हटलंच होतं. त्यानंतर दादांचा पेशंट खाली आला की वरून इंटरकॉमवर त्यांचा आवाज यायचा, "माझा आहे, सात नंबर बघ." आणि मी बघायची. सातच दिसायचं.

प्रिंटरनं कागद बाहेर टाकला.

खोलीत आता आम्ही दोघी. मी उठून बसायला गेले आणि पोटात अशी कळ उठली की पुन्हा आडवी झाले. मोबाइल वरच्या खोलीत, कपाटात. दार सहा पावलांवर. मी या खोलीत अकरा वर्षं काढली होती आणि ती सहा पावलं मला कधी मोजावीशी वाटली नव्हती. बाहेर बाकांवर बसलेल्या पेशंटचं बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी विचारत होतं, मॅडम आज बसणार का? दुसरी बाई म्हणाली, मॅडमचंच ऑपरेशन झालंय, घरच्या घरी. "नशीबवान आहेत हो," पहिली म्हणाली.

कुंदा कागद घेऊन आली. पॅडला लावलेला, पेन क्लिपला अडकवलेलं. रोज असाच आणायची. वर माझं नाव, वय, तारीख. मधे त्या तीन ओळी. खाली पेशंट म्हणून मी आणि सहीच्या जागी डॉक्टर म्हणूनही मी.

मी पेन हातात घेतलं.

तुम्हाला वाटेल, मी ते फेकून दिलं असेल. नाही. खरं सांगते, मी सही करणार होते. अंगात ताप होता, खांदा ठणकत होता, आणि मनात एकच विचार घोळत होता, की उगाच कशाला, उद्या सकाळी परत बघू, दादा म्हणतात तेही बरोबर असेल. पंधरा वर्षं ज्या घरात मान हलवली तिथे एकाएकी ती ताठ होत नाही. पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं.

"मॅडम," कुंदा हळूच म्हणाली. दाराकडे पाहत, घाईघाईनं, पाठ केल्यासारखं. "ताप वाढला, नाहीतर डोळे पिवळे दिसले, नाहीतर पोट फुगलं, तर इथं थांबू नका. इथं परत येऊ पण नका. सरळ सोलापूरला जावा."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"काय म्हणालीस?"

ती गोरीमोरी झाली. "सवयीनं बोलले, मॅडम. चुकलं."

"सवयीनं? कसली सवय?"

तिनं पॅड छातीशी धरायला हात पुढे केला, पण पॅड माझ्या हातात होतं.

"कुंदा, मी आता ओरडू शकत नाही, टाके तुटतील. तेव्हा सरळ सांग. हे कुणाला सांगतेस तू?"

"सात नंबर निघाला की सांगते," ती म्हणाली. "कागद द्यायला बाहेर जाते ना, तेव्हा. पेशंटच्या नातेवाइकाला बाजूला घेऊन. बाईमाणूस असली तर जास्त नीट सांगते. ऐकतात त्या."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"का?"

तिनं पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते. "माझी बहीण होती ना, वैजंता. तिचं पित्ताशय इथंच काढलं होतं. मोठ्या सरांनी."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. ती याच टेबलावर झोपली होती. मी म्हटलं, मॅडम, ही माझी मोठी बहीण. तुम्ही म्हणालात, हो का."

मला आठवेना. मी आठवायचा प्रयत्न करत होते, देवाशपथ, पण काही केल्या चेहरा समोर येईना. "मग?"

"मग काय. पोट दुखतंय म्हणत होती. तुम्ही बघितलं आणि सात नंबर म्हणालात. मीच छापला. मीच तिला म्हटलं, अगं काही नाही, मॅडमनी बघितलंय, जा गावाला. आठव्या दिवशी तिचा नवरा तिला परस्पर सोलापूरला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. सगळं पोट पित्तानं भरलं होतं. दोन दिवस आधी आणली असती तर, असं तिथले डॉक्टर म्हणाले." ती थांबली. "मी पाच दिवस रजा घेतली होती बघा."

रजा मला आठवली. ती नाही म्हणून माझे किती हाल झाले, नवी पोरगी कशी सगळे रिपोर्ट उलटसुलट छापत होती, तेही आठवलं. कुणीतरी वारलं होतं एवढं कानावर आलं होतं. कोण, आणि कशानं, हे मी विचारलं नव्हतं.

"तू तेव्हाच भांडली का नाहीस माझ्याशी?" माझा आवाज फाटला. "एक शब्द नाही बोललीस! रोज माझ्यासमोर बसतेस, चहा आणून देतेस!"

"कुणाशी भांडू, मॅडम? ऑपरेशन मोठ्या सरांचं, सही तुमची आणि टायपिंग माझं." हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली, की मला तोंड लपवायला जागा उरली नाही. "आणि नोकरी सोडली असती तर पुढच्या बायांना सांगायला कोण होतं?"

वरच्या मजल्यावर स्ट्रेचर ढकलल्याचा आवाज आला. हर्निया म्हणजे तासभर. त्यातला बराचसा वेळ गेला होता.

"हा कागद फाड," मी म्हटलं. "नवीन पान उघड. नंबर नको. कोरं."

ती कॉम्प्युटरवर जाऊन बसली. मी प्रोब पुन्हा पोटावर ठेवला. मघाशी बघितलं होतं ते सगळं पुन्हा बघितलं, पण आता मी पेशंट नव्हते, दादांची भावजय नव्हते. टेबलावर पंचेचाळीस वर्षांची एक बाई होती, तिसरा दिवस, ताप, नाडी एकशे वीस. कुंदा खुर्चीवरून उठायची, बटण दाबायची, पुन्हा बसून टाइप करायची. यकृताखाली सहा सेंटिमीटर. उजव्या कुशीत चार. ओटीपोटात पाच. आतड्यांची हालचाल मंद. अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त. पित्तगळतीची दाट शक्यता. रुग्णास तातडीने, आजच, पित्तनलिकेत नळी टाकण्याची सोय असलेल्या ठिकाणी हलवावे.

"लक्षणांशी पडताळून पाहावे, ते टाकू का?" कुंदानं सवयीनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "पडताळून झालंय."

सही केली. वेडीवाकडी आली, पण माझीच सही होती.

दादा आणि शिरीष खाली आले तेव्हा मी टेबलाच्या कडेला पाय सोडून बसले होते. कुंदानं मागून धरलं होतं. दादांनी कागद वाचला. परत एकदा वाचला. त्यांचा चेहरा तांबडा झाला.

"हे काय आहे?"

"रिपोर्ट."

"स्वतःचा रिपोर्ट स्वतः लिहितं का कुणी? याला काही अर्थ आहे?"

"मग दुसरा डॉक्टर आणा. नोंदवलेलं नाव माझंच आहे."

"मी हा आत्ता फाडून टाकू शकतो."

"फाडा. चित्रं मशीनमध्ये आहेत. मजकूर कॉम्प्युटरमध्ये आहे."

"आणि एक कॉपी माझ्या पर्समधे आहे," कुंदा म्हणाली.

दादांनी तिच्याकडे असं पाहिलं, जशी काही खुर्चीच बोलली. इतक्या वर्षांत कुंदा त्यांच्यासमोर 'हो सर' याखेरीज काही बोलली नव्हती.

"दादा," मी म्हटलं, "मला तुमच्याशी भांडायचं नाही. मला जगायचंय. आता हे लिहिलं गेलंय. आज मी इथे राहिले आणि मला काही झालं, तर सगळ्यात आधी हाच कागद बाहेर येईल. तुमच्या नावाची मला काळजी आहे, असं समजा हवं तर. पण मला जाऊ द्या."

दादा खुर्चीवर बसले. मी त्यांना त्या खुर्चीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, ती पेशंटच्या नातेवाइकाची खुर्ची. म्हातारे दिसत होते. मला तेव्हा कळलं, की हा माणूस रागावलेला नाही, घाबरलाय. मघाशी कपाळावर आठी आली होती तेव्हापासूनच घाबरलाय.

"गावात काय सांगायचं?" ते पुटपुटले.

"सांगा, बाई हट्टी आहे."

शिरीषनं हातातला मास्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. "मी गाडी काढतो, दादा," तो म्हणाला आणि त्यांच्या हो-नाहीची वाट न बघता बाहेर पडला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं, की माझं लग्न याच्याशी झालंय.

सोलापुरात रात्र पडायच्या आत त्यांनी पोटात सुई घातली. हिरवं आलं. मग पित्त बाहेर काढायला नळी, मग दुर्बिणीतून पित्तनलिकेतली नळी. पलंगाच्या कडेला लावलेल्या पिशवीत दीड लिटर पित्त जमा झालं. दुसऱ्या दिवशी दादा भेटायला आले. हातात शहाळी होती. ते माझ्याकडे न बघता पिशवीकडे बघत उभे राहिले.

"एवढं?" ते म्हणाले.

"एवढं," मी म्हटलं. त्यापुढे आमच्यात त्या विषयावर कधीच बोलणं झालं नाही.

पाच आठवड्यांनी मी कामावर परत आले. सोमवार होता, बाहेर बाक भरले होते. खुर्चीत बसल्याबरोबर मी कुंदाला म्हटलं, "सात नंबर काढून टाक."

तिनं काढला. आमच्या यादीत आजही सहानंतर आठ येतो. नवीन पोरी विचारतात, मधला कुठे गेला? कुंदा म्हणते, रिटायर झाला.

मग मी म्हटलं, "वैजंताचं पूर्ण नाव सांग."

तिनं कीबोर्ड जवळ ओढला. मग म्हणाली, "वैजंता मारुती ढवळे."

जुनी चित्रं मशीनमध्येच राहतात. नाव टाकलं, तारीख आली, चित्र उघडलं. यकृत, त्याच्या खाली काळा तुकडा. आणि त्या काळ्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोजमापाची ठिपक्यांची रेघ. ती रेघ मशीन आपोआप काढत नाही. ती बघणाऱ्यानं आपल्या हातानं ओढायची असते. मीच ओढली होती. शेजारी आकडा होता. माझं पाणी सहा सेंटिमीटर होतं. वैजंताचं नऊ.

मी मोजलं होतं. हातानं मोजलं होतं, आणि तोंडानं सात नंबर म्हणाले होते.

कुंदा माझ्या मागे उभी होती. तिलाही आकडा दिसत होता. इतकी वर्षं माझ्याबरोबर काढल्यावर तिलाही आकडे वाचता येत होते.

"बस," मी म्हटलं. "नवीन पान उघड."

मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. नाव, वय चौतीस, तपासणीची ती जुनी तारीख आणि खाली आजची. यकृताखाली नऊ सेंटिमीटर. अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त. पित्तगळतीची दाट शक्यता. रुग्णास तातडीने हलवावयास हवे होते. मूळ तारखेला दिलेला रिपोर्ट चुकीचा होता. या शेवटच्या ओळीला तिची बोटं थांबली. मी म्हटलं, लिही. तिनं लिहिलं.

कागद बाहेर आला. मी सही केली, शिक्का मारला आणि तिच्या हातात दिला.

"याचं मी काय करू, मॅडम?"

"तुला वाटेल ते. कोर्टात ने, कचेरीत ने. तिच्या नवऱ्याला दे. मी नाही म्हणणार नाही."

तिनं कागद पूर्ण वाचला, वरपासून सहीपर्यंत. घडी घातली. घडीची पुन्हा घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन ओढली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "बाहेर पेशंट थांबलेत. पाठवू?"

या गोष्टीला बारा वर्षं झाली. दादांनी ऑपरेशन करणं सोडलंय. वैजंताच्या त्या कागदाबद्दल त्यांना ठाऊक नाही, शिरीषला आहे. कुंदा अजून माझ्याकडेच आहे. रोज सकाळी साडेनऊला येते, पर्स टेबलाच्या खालच्या खणात ठेवते आणि पहिला पेशंट आत घेते. मधल्या काळात तिनं दोन पर्स बदलल्या. तो कागद जुन्या पर्समधून नव्या पर्समध्ये गेला की नाही, मला माहीत नाही. खण लागल्याचा आवाज आला की माझा प्रोबवरचा हात रोज क्षणभर थांबतो. विचारायचं रोज मनात येतं. अजून विचारलेलं नाही.